खिडकीजवळची झोळी

पाथर्डी तालुका
५ मे १९७२

प्रिय दीनास,
हन्नाचा सलाम.

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला. उत्तर नाही म्हणून रागावली असशील, आणि रागावणं हा तर तुझा हातचा मळ. धाकटीचा गोवर उतरला का? अंघोळीची घाई करू नकोस. इकडे विहिरींनी तळ गाठलाय, बायका पहाटेपासून घागरी घेऊन बसतात. माझी तब्येत ठीक. जेवण जातं.

नगरच्या सभेला येतेस का, असं विचारलंस. मुलींच्या वर्गाची आपली योजना आणखी तीन गावांत न्यायची तर तिथल्या बायांना काय सांगायचं, हेही विचारलंस. सांगण्यासारखं पुष्कळ आहे. गेल्या मे महिन्यात तुझ्या ओट्यावर बसून वेळापत्रक करताना तू म्हणाली होतीस, की चौथी-पाचवीनंतर पोरगी शाळेतून जाते ती दोन गोष्टींपायी, पाणी आणि कडेवरचं भावंड. म्हणून वर्ग अकराला भरवला, पाणी भरून झाल्यावर. भावंडांना सोबत आणा म्हटलं, आणि वर्गाच्या तुळयांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. ही शाळा आहे की बाळंतिणीची खोली, म्हणाले. पुढे पोरी एका हाताने झोळीची दोरी ओढत त्रैराशिक सोडवायला लागल्या, तेव्हा तेच दाराशी येऊन बघत उभे राहायचे.

तू हट्टाने घातलेला अंगाचा, पाळीचा धडाही घेतला, दार लावून. आधी सगळ्या माना खाली घालून हसल्या, मग प्रश्न थांबेनात. एकीला वर्षभर वाटत होतं की आपल्याला काहीतरी मोठा आजार जडलाय. आईला सांगायची सोय नव्हती, म्हणून गप्प होती बिचारी.

दसऱ्यानंतर गाव ऊसतोडीला गेलं, तेव्हा ठरल्याप्रमाणे सातवीच्या मुलींना मी माझ्याकडे ठेवून घेतलं. माझी खोली ती केवढी, पण भाकरी भाजायला, भांडायला आणि अभ्यासाला पुरली. पाच जणी परीक्षेला बसल्या, पाचही पास झाल्या. हे सभेत जरूर सांग.

सहावी मुलगी चांगुणा. दिवाळीत आलीस तेव्हा तुझ्या चष्म्याची नक्कल करून दाखवली होती ती. तिचा निकाल तू मुद्दाम विचारलास. ती परीक्षेला बसली नाही. मागच्या पत्रात मी ‘ती आई-बापाकडे गेली’ एवढंच लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण त्यापुढचं लिहवेना.

खिडकीजवळची झोळी तिच्या भावाची, पुंजारामची. तो अंगावर पिणारा, म्हणून आईने त्याला सोबत नेला. संक्रांतीच्या सुमारास एका फडात बाप गहिनीनाथ ऊस तोडत होता आणि आई झुंबरबाई मोळ्या बांधत होती. पोराला गाडीच्या सावलीत पाचटावर निजवलं होतं. ते उठलं आणि रांगत गेलं. शेताच्या कडेने पाट वाहत होता. गुडघाभर पाणी, दीना. गुडघाभरसुद्धा नव्हतं म्हणतात.

मामा निरोप घेऊन आला तेव्हा वर्ग चालू होता. चांगुणा रडली नाही. भावाची कुंची माझ्याकडे राहिली होती, तेवढी मागून घेतली आणि मामाच्या मागे चालू लागली. उरलेला हंगाम तिने आईबरोबर मोळ्या वाहिल्या.

गेल्या आठवड्यात ती मंडळी परतली. मला लगेच जायचं धाडस झालं नाही. गेले तेव्हा चांगुणा दारात बाजरी निवडत बसली होती. पुढच्या वर्षी परीक्षेला बसता येईल, पुस्तकं माझ्याकडेच आहेत, असं काहीबाही मी बोलत राहिले. तिने मान वर केली नाही.

“मला शाळा लई आवडायची, बाई. म्हनून तर मी ऱ्हायले,” एवढंच म्हणाली, आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

आता जे टाळत आले ते सांगते. गाड्या जुंपल्या त्या सकाळी झुंबरबाईचं मन होत नव्हतं. दरवर्षी फडाजवळच्या पाचटाच्या कोपीवर धाकट्यांना चांगुणाच सांभाळायची. झुंबरबाई मला म्हणाली, “पोरगी ठिवली तर ह्याला कोन बघंल, बाई?” आपल्या वेळापत्रकात वर्गातल्या बाळांची सोय होती, फडावरच्या बाळाची नव्हती. हे माझ्या तिथेच, त्याच घटकेला ध्यानात आलं. पण चांगुणा माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली होती, आणि मला ती हवी होती, पहिली येणारी पोर. मी म्हटलं, “तुमच्या डोळ्यांसमोरच तर राहील की तो.” सगळ्यांपुढे म्हटलं, हसत. झुंबरबाईने माझ्यावर विश्वास टाकला आणि गाडीत चढली.

परवा त्यांच्या घरून निघताना ती मला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी उभी राहून ऐकल्या असत्या. ती म्हणाली, “तुमी म्हनला तसा डोळ्याम्होरंच हुता वो, बाई. येक मोळी बांधली आन् वळले.” तिच्या आवाजात राग नव्हता. जणू तिला मला खोटं पडू द्यायचं नव्हतं. तिला पुन्हा दिवस गेलेत. येत्या दसऱ्याला चांगुणा कुठे असेल ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी सभेला येत नाही. योजना मात्र ने, तिन्ही गावांत ने, पोरींना ती हवी आहे. फक्त सगळ्यात वर एक ओळ घाल, की मागे राहणाऱ्या मुलीच्या भावंडाला फडावर कोण बघणार हे ठरल्याखेरीज तिला ठेवून घेऊ नये. तुझ्या अक्षरात लिही. मी लिहायला बसले की पहिल्या शब्दापुढे सरकत नाही.

सुट्टी लागली तशा झोळ्या सोडून, धुऊन, घडी करून ठेवल्या. खिडकीजवळची तेवढी राहिलीय. तिथे हात पोचत नाही, असं मी शिपायाला सांगितलंय.

आणि जेवण जातं असं वर लिहिलं, ते तू खरं मानणार नाहीस हे मला ठाऊक आहे.

गावात जिला अजूनही बाईच म्हणतात, ती तुझी
हन्ना