पसाभर चिन्नोर

चांदा,
मार्गशीर्ष, १९५६

तीर्थरूप भैयाजीभाऊ,

तुमच्या धाकट्या शकूचा नमस्कार घ्यावा, रुखमावहिनींनाही सांगावा. इकडे मी जिवंत आहे, यापलीकडे कुशल लिहिण्यासारखे काही नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही गुडघ्याला एक ओळ दिली आणि म्हशीला पानभर, तेव्हा गुडघा बरा असावा किंवा म्हैस फारच आजारी असावी. (दोघांनाही शेक द्या, पण फडके एकच वापरू नका. हे मी नाही म्हणत, आमचे नवे नियम म्हणतात.)

नियमांचे सांगते. आपण मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेलो, हे आमच्या दवाखान्याच्या नळाला अजून कोणी कळवलेले नाही. पाणी पूर्वीसारखेच येत नाही. पण नवे डॉक्टरसाहेब आले आणि त्यांच्यामागोमाग मुलांच्या वॉर्डाचे छापील नियम आले. काच लावून ते दारापाशी टांगले आहेत. सुया दर वेळी उकळाव्या, एका मुलाचा पेला दुसऱ्याला देऊ नये, प्रत्येकाच्या मनगटाला नावाची पट्टी बांधावी आणि पट्टी वाचल्याशिवाय औषधाचा थेंब पाजू नये. मोठी सुई घालण्याआधी आईबापाची संमती घ्यावी. नातेवाइकांनी भेटीची वेळ सोडून वऱ्हांड्यात बसावे. आणि वॉर्डातल्या माणसाने स्वतःच्या नात्यातल्या मुलावर उपचार करू नयेत, कारण मायेने हात थरथरतो. भाऊ, नियम चांगले आहेत. एकाच पेल्यातून अख्ख्या वॉर्डाला हगवण वाटलेली मी पाहिली आहे, म्हणून मनापासून म्हणते. फक्त ते लिहिणाऱ्याने सिंदेवाहीपलीकडचे जंगल पाहिले नसावे.

त्या जंगलातून सुकरी नावाची बाई आली. कडेवर पोरगी, अंगात ताप, श्वासागणिक बरगड्या आत ओढलेल्या. या बाईची आधीची मुले चालायला लागेपर्यंतही टिकली नव्हती. आमच्या इनायत कंपाउंडरने पट्टीसाठी नाव विचारले, तर म्हणाली, "नाव नाई ठेवलं जी. नाव ठेवलं का जाते." इनायत म्हणाला, नावाशिवाय पट्टी नाही आणि पट्टीशिवाय औषध नाही. तेव्हा तिने काय करावे? पोरगी सरळ माझ्या मांडीवर टाकली. "बाई, तू इकत घे इले. माही रायली त नाई वाचत."

तुम्हाला ही रीत नवी नाही. आपल्या सोनाआत्याला नाही का सुपात घालून तेलिणीला विकले होते? (आत्या अजून आहे आणि अजून भांडते, म्हणजे रीत खोटी म्हणता येत नाही.) तुम्ही नागभीडहून पाठवलेली चिन्नोर तांदळाची थैली त्याच सकाळी आली होती, माझ्या खुर्चीखाली होती. बाईचे तोंड बंद व्हावे म्हणून मी पसाभर तांदूळ तिच्या पदरात घातला. सौदा झाला. विकत घेणारीनेच नाव ठेवायचे, आणि इनायत टाक उचलून उभा, म्हणून मी म्हटले, भागीरथा. होय, आईचे नाव. रागावू नका, तोंडाला तेच आले.

पुढे डॉक्टर म्हणाले, छातीत पू झाला आहे, बरगड्यांतून सुई घालून काढावा लागेल, आईचा अंगठा घ्या. सुकरीने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी कोन? पोरगी बाईची हाय. बाईले इचारा." डॉक्टरांनी परोपरीने समजावले. पण एकदा "माझी" म्हटले की सौदा मोडला, आणि सौदा मोडला की पोरगी गेली, हे तिच्या डोक्यात पक्के होते. इकडे पोरीचे ओठ निळे पडत चालले. शेवटी मीच म्हटले, आणा कागद, मी सही करते. डॉक्टरांनी विचारले, नाते काय? मी म्हटले, आई. त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिले, मग काचेतल्या नियमांकडे पाहिले आणि म्हणाले, "मग सिस्टर, तुम्ही बाहेर बसा." (माणूस वाईट नाही. छापलेल्यावर त्याचा विश्वास आहे, एवढेच.)

तर भाऊ, ज्या वऱ्हांड्यातून मी इतकी वर्षे बायांना हाकलले, तिथे मी गणवेश घालून बसले. लच्छू चपराशी मला म्हणाला, "बाई, मांगं सरका, गर्दी नोका करू," आणि ते हुबेहूब माझ्याच आवाजात. आत पोरगी रडत होती. मग रडणे थांबले. रडणे थांबण्याचे दोन अर्थ असतात, आणि दोन्ही मला चांगले ठाऊक आहेत. मी सुकरीकडे पाहिले, तर ती दाराकडे पाठ करून पदरातल्या तांदळातले खडे वेचत होती. एकदाही वळली नाही. दुसरीच्या पोरीची चिंता आपण कशाला करावी, असे दाखवत होती. कुणाला दाखवत होती, ते तुम्हाला कळेल.

पोरगी वाचली. सुकरी धानकापणीला गावी गेली, आणि मी नात्यातली ठरल्यामुळे मला भेटीच्या वेळीच आत सोडू लागले. असले हट्टी पोर मी जन्मात पाहिले नाही. औषध थुंकते, बोट चावते, माझी टोपी ओढून तिच्यात भात कालवते. दिवसभराच्या कामाने कंबर मोडलेली असताना हिला कडेवर घेऊन फिरायचे. माझ्या नशिबात मूल नव्हते ते बरेच झाले, असे मी तुम्हाला दर वर्षी लिहिते, ते याही वर्षी लिहून ठेवते.

परवा बाजाराच्या दिवशी सुकरी परत आली. पोर बरे झाले की जसा घेतला तसा दाणा परत देऊन ते सोडवायचे, ही रीतच आहे. तिने पदराची गाठ सोडून तांदूळ पुढे केला. मी तांदूळ तळहातावर घेतला, उजेडात धरला आणि भर वॉर्डात म्हणाले, "हा जाडा आहे. मी चिन्नोर दिला होता, नागभीडचा, माझ्या भावाच्या शेतातला. तसाच आण, मग पोर ने." डॉक्टरांनी मान डोलावली, त्यांना तो नियमच वाटला असावा. सुकरी भांडेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, "बरं बाई, आनतो," आणि रेल्वेच्या रुळाकडेने नागभीडची वाट धरली. मी तिला थांबवले नाही. दुसरे विशेष काही नाही.

तुमची,
शकू

ता. क. : ती चालत येते आहे, हे पत्र गाडीने येईल, म्हणजे आधी पोचेल. कपाळावर गोंदण आहे, ओळखाल. तिला सांगा, यंदाचा चिन्नोर अजून मळायचा आहे, संक्रांतीनंतर ये. पत्र लिहिले ते एवढ्यासाठीच. बाकीचे वाचले नाही तरी चालेल.

पुन्हा ता. क. : डाक अजून गेली नाही म्हणून पाकीट उघडले. आताच भेटीच्या वेळी जाऊन आले. पोरगी माझ्या कडेवर होती, पण सारा वेळ तोंड वऱ्हांड्याकडे. तिथे कोणी पाठ करून बसलेले दिसले की हात पसरते. ती बाई वळली आणि चेहरा दुसराच निघाला की रडते.

भाऊ, वरचे काही सांगू नका. चिन्नोर द्या. पसा तुमच्या हाताने भरा, वहिनींचा हात लहान आहे. खडे वेचून द्या, तिने माझे एकदा वेचले आहेत. जेवू घाला आणि चांद्याच्या गाडीत बसवून द्या. नाव बदलायचे असेल तर खुशाल बदल म्हणावे, आता ठेवायला हरकत नाही. तांदूळ मी या खेपेला पाहून घेणार नाही. तसेही तेव्हा मला नीट दिसणार नाही.