दुसऱ्या कपाटाची ओ

सोमवार, ९ जुलै १९७९
माझ्या ओल्या फडक्यानं मशीन बिघडलं म्हणे! पंधरा वर्षं लोणावळ्याच्या ह्या हापिसात फरश्या पुसतेय, कुणाचं काही उठायचं राहिलं न्हाई.
मशीन म्हंजे कंपूटर, दोन लोखंडी कपाटं, मिळून एकच काम करणारी. बटण दाबलं की पहिलं उठतं, म्हंजे चालू व्हतं, मग ते दुसऱ्याला उठवतं. दुसरं उठलं न्हाई तर दोन्ही ठप्प. उठवायचा प्रोग्राम दत्तोबानं लिहिलाय. दत्तोबा माझा नातू, तिथला इंजिनेर. हापिसात मात्र मला मावशी म्हणतो, सगळ्यांसारखा.

मंगळवार, १०
न्हाई उठलं.

बुधवार, ११
वायरी बदलल्या. न्हाई. कपाटांची अदलाबदल केली. न्हाई. मग सगळ्यांनी माझ्या बादलीकडं बघितलं. साहेब म्हणाले, "मावशी, उद्यापासून नुसतं झाडा."

गुरुवार, १२
नुसतं झाडलं. तरी न्हाई उठलं. आता धूळ उडते म्हणे.
मी एक बघितलंय. धुक्यात खोली गार असली की दुसरं वेळेवर उठत न्हाई, पहिलं ठप्प झाल्यावर त्याचा दिवा लागतो. म्हंजे उठतं, पण उशिरा. जेवताना दत्तोबाला विचारलं, "पहिलं वाट बघतं का त्याची?"
"बघतं की. आकडे मोजतं."
"आन् मोजून झाले की?"
"दुसरं उठलं असं धरून अर्धं काम त्याला देतं."
"त्यानं ओ दिली का, ते बघत न्हाई?"
दत्तोबा अर्धी भाकरी टाकून उठला.

शुक्रवार, १३
मला काढलं. साहेब म्हणाले, "सोमवारी मुंबईचे लोक मशीन बघायला येणार. आता जोखीम नको." दत्तोबा शेजारीच उभा व्हता. कागद बघत व्हता.
औंढ्याला, घरापर्यंत, चालत आले. चूल पेटवली न्हाई. दत्तोबाची आई गेली तवा तो दीड वर्षाचा. वाढवला मीच, तवा दोष दुसऱ्या कुणाला द्यायचा?

शनिवार, १४
मशीन उठलं. काल फडकं गेलं, आज उठलं — गावभर झालं. शेजारची अंबूबाई म्हणाली, "तुमचाच हात नडला म्हनायचा."
हात बघत बसले. दुसरं काम येत न्हाई ह्यांना.

रविवार, १५
दत्तोबा आज बोलला. चूक प्रोग्रामात व्हती. गुरुवारी मी विचारलं तवाच कळलं त्याला. काल गुपचूप दुरुस्त केली; आता दुसऱ्यानं ओ दिल्याशिवाय पहिलं त्याला काम देत न्हाई.
"आजी, नोकरी नवी आहे. फडक्याचंच राहू दे."
मी म्हटलं, "न्हाई. उद्या मुंबईचे लोक विचारतील काय बिघडलं व्हतं. साहेबांनी फडक्याचं नाव घ्यायचं न्हाई. दत्तोबा, जाब तू द्यायचा."