‘ठेवा’ आणि ‘पुसा’

दि. १२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. आईची आणि तुझी प्रकृती ठीक असावी. माझी ठीक आहे.

नऊ दिवस तू माझा फोन उचललेला नाहीस, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहिते. तपशिलात चूक असेल तर दुरुस्त कर.

बाबा नऊ आठवडे रुग्णालयात होते. आईचे गुडघे तिला तिथवर नेईनात, म्हणून रोज संध्याकाळी तू तुझ्या फोनवर बाबांचे चार शब्द ध्वनिमुद्रित करून तिच्या फोनवर पाठवत होतास. कुंड्यांना पाणी घाल, इथले सूप म्हणजे नुसते गरम पाणी, मागच्या दाराची कडी लावलीस का. असे त्रेसष्ट निरोप. बाबा गेल्यावर आई रोज दुपारी त्यांतला एक ऐके. ३ ऑक्टोबरला चारच्या सुमारास निरोप मध्येच थांबला आणि पडद्यावर मजकूर उमटला : ‘जागा भरली आहे. जुने निरोप’. खाली दोन चौकटी होत्या, ‘ठेवा’ आणि ‘पुसा’. आईने ‘पुसा’ दाबले. फोनने विचारले, ‘सगळे?’ तिने ‘होय’ दाबले. तू दुकानातून परतलास तेव्हा ती फोन मांडीवर घेऊन बसली होती.

तिचे वाक्य तू मला जसेच्या तसे सांगितलेस. “त्यानंच लिहिलं, पुसा. म्हणून मी त्याला पुसलं, ‘बाबा रे, यांचा आवाज मधेच का थांबला?’ तास झाला, काही बोलेना.”

तो फोन आमच्या कंपनीचा आहे, वृद्धांसाठी मुद्दाम घडवलेला, आणि त्याच्या पडद्यावरचा प्रत्येक शब्द माझा आहे. हे तुला ठाऊक होते, म्हणूनच तू म्हणालास की ताई, तुझ्या शब्दानं आईला गंडवलं. त्यावर मी तुला सुनावले की घरात तिच्याजवळ तू राहतोस, अर्धा तास बसून तिला शिकवले असतेस तर हे झाले नसते. तू शांतपणे म्हणालास, “शिलाई मशिनच्या पायट्यावर पाय ठेवला की पायालाच कळतं, ताई. शिकवत बसावं लागलं तर घडवणाऱ्याचं चुकलंय.” मी म्हटले, मशिनी दुरुस्त करणाऱ्याने मला माझे शास्त्र शिकवू नये. तू फोन ठेवलास.

ते वाक्य उद्धट होते. ते खोटेही होते, हे मान्य करायला मला आठवडा लागला.

सहकाऱ्यांना तिथे ‘डिलीट’ हवे होते. मी अडीच महिने भांडले. पाटी पुसतो, डोळे पुसतो. दोन अक्षरे, जोडाक्षर नाही, मोठ्या टाइपात चौकटीत बसणारा स्वच्छ शब्द. पुसणे म्हणजे विचारणे, हा अर्थ आता ‘विचारपूस’ आणि ‘आम्हाला कोण पुसतंय’ एवढ्यापुरताच उरला आहे, असे माझ्या टिपणात आहे. एवढ्यापुरताच. आपल्या घरात ते दुसरे वाक्य दिवसातून किती वेळा कानी पडते, याची नोंद टिपणात नाही.

चाचणी सात वृद्धांवर घेतली, असे अहवाल सांगतो. आठ जण आले होते. आठवी आपली आई होती.

मीच तिला नेले होते. माझी खोली, माझे नाव असलेले दार दाखवायला. केस चापूनचोपून बांधून, पर्स छातीशी धरून ती खुर्चीच्या कडेवर बसली. तीच चौकट समोर आली तेव्हा तिने मान वर करून विचारले, “काय पुसू गं याला?” दोन कनिष्ठ सहकारी हसले. मी तिला शब्दाची व्युत्पत्ती समजावली, वर्गात मागच्या बाकाला समजावतात त्या सुरात. ती “बरं” म्हणाली. मी ‘आकलन झाले’ असे लिहिले. नंतर तिचा कागद बाजूला काढला : ‘नातेवाईक असल्याने ग्राह्य नाही.’ कारण बिनचूक होते. मात्र मी तो काढला तो मला तिची लाज वाटली म्हणून.

परतताना गाडीत तिने विचारले, “तुझ्या माणसांपुढं मी वेड्यासारखं बोलले का गं?”

“हो, जरा,” मी म्हणाले.

तू ३ तारखेच्या संध्याकाळी फोनवर बरेच बोललास, पण अडल्यावर तिने मला फोन का केला नाही, हे विचारले नाहीस. मुलीला पुसण्यापेक्षा फोनला पुसणे तिला सोपे वाटले. तुझा अंदाज असेलच. आता कारणही आहे.

आणखी एक. पुसलेले निरोप महिनाभर आत दडवून ठेवावेत, चुकून बोट लागले तर परत मिळतील, असे आमच्या अभियंत्याने सुचवले होते. शब्दाने खोटे बोलू नये, पुसले म्हणजे पुसले, असे मी बजावले. काल त्याच्याकडे गेले. तो खुर्चीतून न उठता म्हणाला, “मॅडम, तुम्हीच नको म्हणाला होतात.” आईच्या फोनमध्ये काहीही उरलेले नाही.

आता तुझा जुना फोन. बाबांचे बोलणे मुळात त्यात ध्वनिमुद्रित झाले होते. तिचा फोन बिघडला आहे, दुरुस्त होईल, असे तू आईला सांगितले आहेस. म्हणजे ती रोज दुपारी वाट पाहत असणार. हे फार दिवस चालवता येणार नाही.

निरोप तुझ्याकडे असतील तर मला पाठवू नकोस. यात पुन्हा माझा हात नको. थेट तिच्या हातात दे, आणि ते कुठे बोट ठेवल्यावर ऐकू यावेत हे तू ठरव, तुझ्या पायट्याच्या हिशेबाने. नसतील, तर तू तिला काही सांगायचे नाहीस. मी येऊन सांगेन, आठव्या कागदासकट.

आहेत की नाहीत, एवढे मला लेखी हवे आहे. एक शब्द पुरे, पण तुझ्या हस्ताक्षरात आणि येत्या सोमवारच्या आत.

‘तुझी’ लिहिण्याचा हक्क अद्याप आहे असे गृहीत धरून,

तुझी
ताई