वाफशाची तारीख

परभणी, ता. १२ आजूर १३५१ फसली (ऑक्टोबर १९४१)

तीर्थस्वरूप मायच्या पायावर आश्रुबाचा माथा.

ताप उतरलाय, काळजी करू नको. धाकल्या बन्सीधरनं हे पत्र मायला हळू वाचून दाखवावं.

सरकारी शेतीवर मला आता जमिनीचा श्वास मोजायचं काम दिलंय. हसू नको. वाटीत चुन्याची निवळी घालून वावरात ठेवायची आन वर काचेची बरणी पालथी घालायची. जमिनीनं सोडलेली हवा लागली की निवळी पांढरी होती.

हस्ताचा मोठा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी निवळी तशीच नितळ. मला वाटलं, माझंच काही चुकलं. चौथ्या दिवशी मात्र बघता बघता तिचं दूध झालं. साहेब म्हणले, चिखलात जमिनीचा दम कोंडला होता, आता मोकळा झाला, वाफसा आला, आता पेरा.

मागल्या साली तू अनवाणी वावरात फिरून म्हणली होतीस, वाफसा न्हाई, तीन दिवस थांबा. मी चारचौघांत तुला अडाणी म्हणलो. तरी तू थांबलीस, मगच पेरलंस. ती ज्वारी आपण आजून खायलोत. माझ्या भाकरीचं पीठबी तिचंच हाय.

हे मी साहेबांना सांगितलं. त्यांनी वहीत एक रकाना वाढवला. यंदा तुझ्या पायाला वाफसा कोणत्या दिवशी कळला, ती तारीख बन्सीधरनं कळवावी. रकान्यावर मी तुझं नाव घातलंय, गोजरबाई.

टाचंच्या भेगा भरल्या का? तेल लावत जा.

तुझा अडाणी लेक,
आश्रुबा