कळ्या

९ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. इकडे बर्फ अजून कुंपणापर्यंत आहे, रस्ता मात्र मोकळा झालाय. शाळा सुरू झाली. माझी पाठ बरी आहे.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधी देतो. आईच्या डोंगरी झुडपाच्या दगडी डोणीच्या तळाचं भोक बुजलेलं नाही, तार घालून पाहिली. बुंध्याभोवतीची खडी मी शरद ऋतूतच नवी घातली होती. पाऊस-बर्फ अडवायला वर काच आहे, बाजू उघड्या ठेवल्यात. थंडीनं ते मरत नाही, साचलेल्या ओलीनं मरतं, हे आईनं आपल्याला पाढ्यांसारखं घोकायला लावलंय. तू सांगितलंस तशी कडेची खडी बोटानं उकरून पाहिली. कुजका वास नाही. पानं गडद, चिवट, चकचकीत. झुडूप ठणठणीत आहे, ताई. वीतभर उंचीचं असून आपल्या सगळ्यांपेक्षा धडधाकट.

मग कळ्या का नाहीत, हा तुझा प्रश्न उरतो.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की यंदा झाड फुलणार नाही, तेव्हा दर वसंतातला फुलांसाठीचा प्रवास तू वाया घालवू नकोस. ते आईनं सांगितलं आणि मी लिहिलं. मी स्वतः जाऊन पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं ती डोंगरावरची झाडं वाढवतेय, तिच्या शब्दावर शंका घेणारा मी कोण?

रविवारी तुझं पत्र खिशात घालून मी मागच्या अंगणात गेलो. आई तिथे होती. माझा कोट अंगावर, काच बाजूला काढलेली, डोणीच्या कडेला एक कोपर टेकलेलं. हातात कलमं करायचा तिचा बारीक चिमटा. वाळकी पानं काढतेय असं वाटलं. जवळ गेलो तर तिच्या तळहातावर मोहरीएवढे हिरवट-गुलाबी दाणे.

"आई, काय करतेस?"

"दिसत नाही? पुस्तकं वाचून डोळेही गेले वाटतं, पंडित."

"या कळ्या आहेत."

"हो का! मला आता तू शिकव."

मी चिमटा मागितला. तिनं दिला नाही. म्हणाली, "बहुतेक कार्तिकातच खुडल्या होत्या रे. काही मागून फुटल्या, त्या राहिल्या होत्या."

"पण का?"

"फुलं नसली की बाईसाहेब येत नाहीत. आल्या तर काय बघतील? माझं तोंड?"

ताई, इथे मी दोनदा थांबलो, कारण पुढचं न सांगण्याचा शब्द मी तिला दिलाय. तिच्या पोटात गाठ आहे. ऑक्टोबरमध्ये कळलं. यकृतापर्यंत गेली आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "वसंताचा हिशेब धरू नका." आईनं ते दारामागून ऐकलं आणि बाहेर येऊन त्यांनाच म्हणाली, "कुजबुजायचं असेल तर दार तरी नीट लावत जा." ती पिवळी पडलीय. अंगठी बोटातून निसटते म्हणून तिला दोरा गुंडाळलाय. परवा तिला मागच्या दाराची ती एक पायरी चढता आली नाही. उचलून घेतलं, तर कोटच तिच्याहून जड वाटला.

फोनवर ती तुझ्याशी पूर्वीइतकीच खणखणीत बोलते, मला माहीत आहे. त्यासाठी आधी तासभर झोपून घेते.

तिला आत आणून पाय चोळत असताना मी म्हणालो, ताईला कळवूया. तिनं पाय मागे ओढून घेतले. मग म्हणाली, "तिच्या लग्नाला मी गेले नाही. तिच्या नवऱ्याला या घरात पाय ठेवू दिला नाही. इतक्या वर्षांत तिनं मला माफ केलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे. आता मला अशी बघून ती विरघळेल. ती माफी माझ्या आजाराला असेल, मला नाही. दया घेऊन काय करू मी?"

कदाचित तिचं खरं असेल. कदाचित तू आलीस तरी माफ करणार नाहीस. तो तुझा हक्क आहे, आणि तिच्यासाठी माफी मागायला मी हे लिहीत नाही. पण तुम्ही दोघी वर्षातून एकदा डोणीपाशी उभ्या राहून खडी, ऊन आणि पाणी यांवर तासन्‌तास बोलता, आणि ते झाडाबद्दल नसतं, एवढं मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दरवर्षी दिसत आलंय. ते यंदा होऊ नये हे तिनं एकटीनं ठरवलं. तुला विचारलंच नाही. मी गप्प राहिलो तर मीही तुला न विचारता ठरवल्यासारखं होईल.

हे तुझ्यासाठी लिहितोय की माझ्या छातीवरचं ओझं उतरावं म्हणून, याचा मी आज दिवसभर विचार केला. नीट वेगळं करता आलं नाही.

वसंताची वाट बघू नकोस. या आठवड्यात निघ. भाऊजींनाही आण, दार मी उघडणार आहे, ती नाही. ती माझ्यावर ओरडेल, ओरडू दे. तेवढा जोर अजून आहे, तोवर ये.

आईला दिलेला शब्द मोडणारा,
तुझा धाकटा