राखलेला मारवेल

१४ सप्टेंबर
सकाळच्या एस.टी.ने रेणापूर. सगळं रान करपलंय, फक्त शिवलिंगअप्पांच्या ओढ्याकाठच्या बांधावर मारवेल, हातभर. अप्पांनी हात जोडले, "शरणार्थ सर. गवतात काय बघताव?" सांगितलं, काही रोपांत गुणसूत्रं वीस, काहींत चाळीस. कधीतरी अख्खा संच दुप्पट झाला नि तसाच टिकला. कसा, ते कोवळ्या तुऱ्यातच दिसतं. तोवर कापू नका, गाय सोडू नका.
गाय एकच. देवणी, गाभण. चारा डेपोचं विचारलं तर म्हणाले, "जिल्हा नवा हाय, याद्या अजून जुन्याकडंच हायत म्हणं." तरी कबूल झाले. "कवापस्तोर राखू?"
मी सांगेपर्यंत, म्हटलं. मोठा आलो सांगणारा.

२६ सप्टें.
तुरे आले. आठच्या आत खुडून स्पिरिटात. अप्पा कडबा शोधायला गेलेले, भेट नाही. बस गाठायची होती.

३ ऑक्टो.
चाळीस! तीनदा मोजली. मधेच चार-चार एकमेकांत अडकलेली, म्हणजे तोच संच दुप्पट झालेला. शेजारच्याच रोपात वीस. एकाच बांधावर दोन्ही. गाइडना लगेच पत्र. वर माझ्या पत्त्यात सवयीनं जि. उस्मानाबाद, खोडून लातूर केलं. लॅबमध्ये पेढे वाटले. किती वर्षांनी असा खूष.

१९ ऑक्टो.
बाजारात अप्पांची सून. "सर, ते गवत कवा कापायचं? मामंजी तुमची वाट बघून राह्यलेत. गाय बसलीय, उठंना."
कापू नका म्हटलं होतं. कापा म्हणायचं विसरलो. तेवीस दिवस! पेढे खात होतो मी. आणि तो माणूस उपाशी गाय दावणीला ठेवून माझं गवत राखत…

२० ऑक्टो.
पहिल्या गाडीनं गेलो. मारवेल उभाच, बी गळून नुसत्या काड्या. अप्पा म्हणाले, "झालं का काम?"
झालं. कधी, ते त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं. सव्वीसलाच झालं होतं, अप्पा, मी कळवलं नाही. चुकलो.
 अप्पा विळा घेऊन कापायला लागले. मी पेंढी गोठ्यात नेली, गाईच्या तोंडाशी धरली. हुंगलं, मान फिरवली.
तिथंच बसून लिहितोय. परतीची बस गेली. अप्पा मघापासून तिच्या पोटावर हात ठेवून बसलेत.
वासरू हलतंय का, विचारलं मी.
त्यांनी हात उचलला नाही.