टीकेवरचा हात

दि. ३ मार्च

चि. ठमीस, अ.उ.आ.

तुझं पत्र मी आईला इतक्यांदा वाचून दाखवलं की ती शेवटी उठून स्वयंपाकघरात गेली. जन्मभर लोक म्हणत आले, मी पोथ्यांवरून छापलेली ही जुन्या ग्रंथावरची संस्कृत टीका आचार्यांची नव्हेच, कुणीतरी लिहून त्यांच्या नावावर खपवली. आता तू ती त्यांच्या निर्विवाद ग्रंथांशी ताडलीस, ‘खलु’, ‘किल’ असले कुणाचं लक्ष न जाणारे बारके शब्द मोजलेस, आणि लिहिणारा हात एकच निघाला. पुढच्या महिन्यात संशोधकांच्या सभेत जाहीर करतोय. अध्यक्षांना कळवूनही टाकलं. विरोधकांची तोंडं बघण्यासारखी होतील.

तू जेवत नाहीस म्हणे. संगणक काही पोट भरत नाही, बाई. आमच्यावरचा लोभ राहू दे, पण जेवून.

तुझे बाबा

दि. ११ मार्च

ती. बाबांस, शि.सा.न.वि.वि.

हे पत्र कितीदा तरी फाडलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही तेच बरं, माझा आवाज ऐकून घाबरला असता. पाया पडते, सभेत काही बोलू नका.

मोजणी मी तुमच्या छापील आवृत्तीवरून केली होती. ती बिनचूक, असं लहानपणापासून धरून चाललेय. परवा सहज जुन्या पोथ्यांची छायाचित्रं मागवली. छापील पानावर ‘खलु’ आहे तिथे पोथ्यांत ‘किल’ आहे, पानोपानी, आणि तुमची खाली टीप नाही. पोथ्यांचेच शब्द घेऊन पुन्हा मोजलं. आचार्य कुठेच नाहीत, कुणी दुसराच माणूस आहे. मी आचार्यांना शोधायला गेले आणि सापडलात तुम्ही.

तुम्ही लबाडी केलीत असं मनातही नाही. आचार्य असं लिहीत नाहीत, लेखनिकच चुकला, असं समजून नीट करत गेलात. पण शेवटच्या प्रकरणाची एकुलती पोथी नंतर ग्रंथालयाच्या आगीत गेली. आता ते फक्त तुमच्या पुस्तकात उरलंय. तिथे काय काय बदललंत, बाबा? रागवा हवं तर, पण उत्तर लिहा आणि माया पातळ करू नका.

तुमची ठमी

दि. १९ मार्च

चि. ठमीस, अ.उ.आ.

रागावलो नाही. सभेला येत नाही म्हणून कळवलं. अध्यक्ष चिडले, चिडू देत. आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिनं माझा चष्मा पुसून दिला.

काल शेवटचं प्रकरण घेऊन बसलो. जिथे जिथे हात लावला तिथे खुणा करायच्या ठरवल्या. एकही करता आली नाही. प्रत्येक ओळ त्या अनामिकाची वाटते आणि प्रत्येक ओळ माझी. त्या बिचाऱ्यानं आयुष्य घालवून लिहिलं असेल. नाव आधीच गेलं होतं, आता शब्दही मी गिळले. मरणाची भीती मला कधी वाटली नव्हती, ठमे. आता वाटते. माझ्याबरोबर तोही जाईल.

रजा काढून ये. तू मोठ्यानं वाच. जिथे पुढचा शब्द तुझ्याआधी माझ्या तोंडून निघेल, तिथे पेन्सिलीनं रेघ मार आणि माझ्यावर संशय घे.

पण लवकर निघ. हल्ली सकाळचं मला दुपारी आठवत नाही. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
बाबा